खंडेनवमीचा मेन स्विच

आमचा छापखाना बंद पडला, असं लातुरात पुष्कळांना वाटतं. तो बंद पडलेला नाही. आजही सकाळी शटर वर जातं, मशीन फिरते, फ्लेक्स निघतात, आणि कुठल्या कुठल्या टग्यांचे हात जोडलेले फोटो वाढदिवसाच्या बॅनरवर मी स्वतः चिकटवते. बंद पडली ती आमची अक्षरं. हे सांगायला गेलं की माणसं म्हणतात, अक्षरं कशी बंद पडतील बाई, अक्षरं ती अक्षरंच. म्हणून मी सांगायचं सोडूनच दिलं होतं. आता माझंही वय उतरणीला लागलं, गुडघे कुरकुरतात, आणि हे सगळं ज्याला माहीत आहे असा माझ्याशिवाय एकच माणूस उरलाय, तोही परमुलखात. तेव्हा लिहून ठेवते. कुणाला उपयोग होईल म्हणून नव्हे. उपयोग काहीच नाही.

घर गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत. पुढं छापखाना, मागं आमचा संसार, मध्ये एक भिंत. भिंतीच्या अलीकडं शाईचा आणि रॉकेलचा वास, पलीकडं येसराच्या आमटीचा, आणि दोन्ही वास एकाच घासात घेत मी आणि माझा धाकटा भाऊ मन्मथ वाढलो. आमचे वडील, बसवंतअप्पा, लहानपणीच दुसऱ्याच्या छापखान्यात खिळे जुळवायला लागलेले. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. एकेक उचलून ओळ बांधायची. पुढं स्वतःचं पायानं हाणायचं ट्रेडल मशीन घेतलं. त्याच्या खडखडाटात अप्पांचे कान कामातून गेले. बारीक आवाज त्यांना ऐकूच येत नसे. मोबाइल वाजला तर कळायचं नाही, पण तव्यावर उलथणं आपटलं की कळायचं, म्हणून आई त्यांना जेवायला तव्यानंच बोलवायची. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि ती आमटी. जेवताना अप्पा ओरडून बोलत आणि शेजाऱ्यांना वाटे रोज भांडण चालू आहे. भांडण नव्हतं. तसं सुखाचंच घर होतं ते, आता म्हणायला हरकत नाही.

ट्रेडल गेलं तेव्हा अप्पांनी एक उद्योग केला, जो लातुरात दुसऱ्या कुणी केला नाही. हैदराबादचा एक छापखाना मोडीत निघाला, त्याचा राखाडी रंगाचा उभा मॅक कॉम्प्युटर ते टेम्पोत घालून घेऊन आले. मग आमच्या खिळ्यांच्या पेटीतलं एकेक अक्षर गुळगुळीत कागदावर छापून, स्कॅन करून, पडद्यावर माउसनं त्याची कड धरत बसायचे. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, सगळं. रोज दुपारी जेवण झालं की, वर्षानुवर्षं. ती अक्षरं पडद्यावरून निघायला लागली तेव्हाच त्यांनी शिसं बॅटरीवाल्याला वितळायला दिलं. आमच्या अक्षरांना एक अंग होतं. श्रीचा वळसा भरलेला असायचा, ळ जरा पोटुशी. औशाचे वीरभद्रकाका, आमच्यासारखेच लिंगायत, आडतीतले व्यापारी, घरात मुंज नसे पण लग्नं मोजून थकावं इतकी, ते म्हणायचे, "बसवंतअप्पाच्या अक्षरात पत्रिका न्हाई आली तर आमच्याकडं लगीन झालं असं कुणी मानत न्हाई." अप्पा त्या दिवशी भाकरी एक जास्त खायचे.

कॉलेज अर्ध्यात सोडून मी त्या मॅकवर बसायला लागले. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला ते काम आवडायचं. बटन दाबलं की तो डंऽऽ असा घुमायचा, तेवढा आवाज अप्पांनाही ऐकू यायचा आणि ते आतून विचारायचे, "उठला का गं?" पण मग तो म्हातारा झाला. त्याच्या पोटातला चिप पॉवरपीसी नावाचा, तो बनवणं कंपनीनं सोडून दिलेलं. नवं काही त्यावर चढेना. गिऱ्हाईक मजकूर घेऊन यायचं ती फाइल उघडेना, इंटरनेटची पानं अर्धी दिसायची. सारखा मधेच गोठायचा. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांचा हंगाम, आणि हा असा. माझा जीव टांगणीला.

मन्मथ तेव्हा नांदेडला इंजिनिअरिंगला होता. तिथं त्याला लिनक्सचं वेड लागलं. म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी अशी प्रणाली, जी कुणीही घ्यावी, कुणीही दुरुस्त करावी, आणि जुन्यातल्या जुन्या डब्यालाही उठवून बसवावं. पोरगं सुट्टीला आलं की दुसरं बोलायचंच नाही. "अप्पा, फुकट हाय. कुणाच्या मालकीचं न्हाई. पॉवरपीसीसाठी वेगळी काढलीय त्याइनी. आपला मॅक अजून धा वर्षं पळतो."

"फुकट ते पौष्टिक," आई म्हणाली.

अप्पांना एकच विचारायचं होतं. "अन् आपली अक्षरं?"

"अक्षरं जिथं हायत तिथंच राहतेत. डिस्क म्हंजी दोन खोल्याचं घर समजा. सगळं सामान एका खोलीत सरकवायचं, दुसरी रिकामी करायची, तिच्यात नवा भाडेकरू."

अप्पा मान हलवत हाव म्हणाले. नांदेडहून लोहा, अहमदपूर करत एसटीत बसून मन्मथनं पहिली सीडी आणली ती साध्या कॉम्प्युटरची निघाली. आमच्या चिपला तिचं एक अक्षर कळेना. पॉवरपीसीची वेगळी उतरवायची तर कॉलेजचं इंटरनेट मध्येच तुटायचं, पुन्हा पहिल्यापासून. पोरगा बेजार झाला, पण पठ्ठ्यानं सोडलं नाही. त्यानं शहाणपणाही केला होता: अक्षरांच्या सगळ्या फाइली आधीच मित्राच्या उसन्या पेन ड्राइव्हवर काढून, कॉलेजातून त्यांची सीडी करून आणली होती. ती आईनं देवघरात ठेवली. मी उघडून बघितली तर सगळी नावं ओळीनं दिसली. आपलं सोनं दोन ठिकाणी आहे म्हणून मी निर्धास्त.

आता हे कधी करायचं? मॅक एक दिवसही मोकळा नव्हता. छापखान्याला वर्षात एकच सुट्टी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला. त्या दिवशी अवजारांची पूजा. आमच्यात कामाला कायक म्हणतात, आणि कायकाची अवजारं म्हणजे अप्पांना गळ्यातल्या इष्टलिंगाच्या खालोखाल. नवमीला त्यांना हात लावायचा नाही, फक्त फुलं वाहायची. मन्मथनं अष्टमीलाच उरकायचं ठरवलं होतं, पण त्या दिवशी लोडशेडिंगनं दम खाल्ला नाही. लाइट येते म्हणेपर्यंत जायची. सणाचा दिवस म्हणून नवमीला लाइट राहणार होती. झालं, सकाळी अंघोळीच्या आधीच मन्मथनं मशीन लावली. सीडी घालून, सी हे बटन दाबून धरून सुरू केलं. काळ्या पडद्यावर कोपऱ्यात एक गुबगुबीत पेंग्विन आला आणि खाली पांढरी अक्षरं झरझर धावायला लागली.

"हा कोण, कावळा का?" अप्पा.

"पेंग्विन हाय, अप्पा. आता सामान सरकून राहिलंय बघा. लई वेळ लागतो, जुनी डिस्क हाय. कुणी मशीनीला हात लावायचा न्हाई, बस."

"आज तसाबी कुणी हात लावत नसतंय," अप्पा म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं पोरगा पहिल्यांदाच काही शास्त्रातलं बोलला होता.

मन्मथ अंघोळीला गेला. मी आत पुरण वाटत होते. अप्पा भस्म लावून, लिंगपूजा आटोपून, झेंडूचे हार आणि हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढं गेले. पुढचं सगळं मी इतक्यांदा मनात मांडलंय की आता ते मला भिंतीपल्याडचंही दिसतं. त्यांनी आधी कटिंग मशीन पुसली, मग स्टेपलर, मग स्क्रीन प्रिंटिंगच्या चौकटी, मग मॅक. त्याला हात लावायचा नाही म्हणून फडकंसुद्धा दुरून फिरवलं असेल. पडदा तोवर काळा झाला होता. काही वेळ कुणी बटन दाबलं नाही की त्या प्रणालीचा पडदा मालवतो. आतली डिस्क कुरकुरत होती, ती अप्पांच्या कानापर्यंत पोचायचीच नाही. समोर एक छोटा दिवा जळत होता, त्याच्यावर त्यांनीच घातलेल्या हाराचा झेंडू आला. मग दरवर्षीप्रमाणे ते मेन स्विचपाशी गेले. हे त्यांचं पोरपणापासूनचं, पहिल्या मालकाकडून घेतलेलं; त्या सकाळी ते आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नाही. यंत्राला विसावा द्यायचा तर त्याचा वीजपुरवठाच तोडायचा, नाहीतर विसावा कसला? त्यांनी छापखान्याचा मेन स्विच खाली ओढला, त्याला हळदीकुंकू लावलं आणि हात जोडले.

घराचा मीटर वेगळा, त्यामुळं माझा मिक्सर चालूच होता. त्याच्या आवाजातून पलीकडचा यूपीएस वाजलेला मला ऐकू आला. टीं, टीं. तो रोजच वाजायचा. लातुरात त्या काळात तो आवाज म्हणजे घरातलं मांजर ओरडल्यासारखा, कुणी उठून बघत नसे. दुकानाचा फेज गेला असेल म्हणून मी पुरण पुन्हा भांड्यात घातलं. बॅटरी जुनी, थोड्याच वेळात तिनं मान टाकली. अजूनही बँकेत वगैरे तो टीं टीं ऐकला की माझा हात आहे तिथं थांबतो, आणि समोरची बाई विचारते, मॅडम, सही?

मन्मथ टॉवेलवर बाहेर आला. "अक्का, यूपीएस कामून वाजून राहिलाय?" तेवढ्यात तो वाजायचा थांबला. पोरगा तसाच ओल्या अंगानं पुढं पळाला. मी गेले तेव्हा त्यानं मेन स्विच वर केला होता, बोटांना हळद लागली होती, आणि अप्पा ताट घेऊन उभे होते. मॅक डंऽऽ असा घुमला. मला वाटलं, सुटलो. मग पडद्याच्या मधोमध एक बारकी फोल्डरची खूण आली, तिच्यावर प्रश्नचिन्ह, आणि ते उघडझाप करायला लागलं.

"काय विचारून राहिलंय ते?" अप्पांनी विचारलं.

अप्पांनी मोठ्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा मन्मथ खाली बसला आणि म्हणाला, "माझं सगळं कुठं गेलं, असं विचारतंय, अप्पा. सामान सरकत होतं. अर्ध्यात लाइट गेली."

"लाइट गेली न्हाई," अप्पा म्हणाले. मग त्यांच्या ध्यानात येत गेलं. ते मेन स्विचकडं बघायला लागले, त्याच्यावरच्या ताज्या कुंकवाकडं. "पर म्या मशीनीला हात कुठं लावला?" असं ते मला म्हणाले, मन्मथला म्हणाले, मग ताट खाली ठेवून आईलाही जाऊन म्हणाले. हात लावला नव्हता हे खरंच होतं. त्या घरात कुणीच कुणाचं ऐकलं नाही असं झालं नव्हतं. सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि तरी हे झालं. कुणावर चिडावं हेच मला कळेना, म्हणून मी मिक्सर बंद करायला आत गेले.

सीडी होतीच. आईनं देवघरातून ती काढून दिली. मन्मथनं शेजारच्या सायबर कॅफेत नेऊन उघडली आणि बराच वेळ परत आला नाही. मग मी गेले. नावं सगळी होती, ओळीनं, जशी मी बघितली होती. प्रत्येक नावासमोर आकार लिहिलेला: शून्य. त्या जुन्या मॅकच्या फाइलींना दोन कप्पे असायचे, आणि अक्षरं असायची ती दुसऱ्या कप्प्यात. पेन ड्राइव्हवरून कॉलेजच्या कॉम्प्युटरवर, तिथून सीडीवर, या फिरवाफिरवीत पहिला, रिकामा कप्पा तेवढा उतरला होता. आम्ही देवघरात डबे ठेवले होते, धान्य नव्हतं. मन्मथ म्हणाला, "अक्का, मला म्हाईत न्हवतं गं." मी म्हणाले, मला तरी कुठं. आणि आम्ही दोघंही त्या कॅफेत, लोकांसमोर, रडलो.

दसऱ्याला सोनं द्यायला कुणाकडं गेलो नाही. दुसऱ्या दिवशी मी आणि मन्मथनं डिस्क काढली, टॉवेलात गुंडाळली आणि नांदेडची एसटी धरली. रस्त्यातला खड्डा आला की मी मांडी उचलून धरायची, तान्ह्या लेकराला घेऊन बसल्यासारखी. कॉलेजचे एक सर होते, भला माणूस. त्यांनी आपली कामं बाजूला ठेवून डिस्क जोडली, वेगवेगळे प्रोग्राम लावले. एकातून तुकडे निघाले. सर म्हणाले, "बघा, काहीतरी येतंय." पडद्यावर एक अर्धा श्री आला. खालचा वळसा होता, वरचं काही नव्हतं. नंतर काहीच आलं नाही. सर म्हणाले, सॉरी. चहा मागवला. आम्ही प्यायलो. येताना डिस्क पिशवीत टाकली, मांडीवर घेतली नाही. उमेद काय असते ते मला त्या दिवसापर्यंत माहीत होतं, त्यानंतर पुन्हा तशी कधी आली नाही. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

लिनक्स मात्र बसलं. हीच तर चीड येते. त्याच डिस्कवर, सगळं पुसून, मन्मथनं ते बसवलं आणि मॅक तरण्यासारखा पळायला लागला. गिऱ्हाइकांच्या फाइली उघडायच्या, गोठायचं नाव नाही. त्याच्यात अक्षरं काढायचं एक फुकट सॉफ्टवेअरही होतं. मन्मथ म्हणाला, "अप्पा, जुन्या पत्रिका हायत की. त्या स्कॅन करू, पुन्हा काढू." अक्षरं छापलेले ते गुळगुळीत कागद केव्हाच रद्दीत गेलेले, पत्रिका मात्र घरात ढिगानं होत्या. पण छापून फुगलेल्या शाईची कड आणि खिळ्याची कड एक नसते. शिवाय अप्पांच्या डोळ्यांत तोवर पडदा आलेला, हात थरथरायला लागलेला. तरी बसले. खिळ्यांच्या पेटीत हाताजवळचे खण असतात, सारखी लागणारी अक्षरं त्यांत. त्याच क्रमानं त्यांनी सुरुवात केली. र, त, क, न, काना. एकेक अक्षर पंधरा-पंधरा दिवस. मी ते कागदावर छापून दाखवलं की चष्मा कपाळावर करून बघायचे आणि म्हणायचे, "चांगलंय. पर हे आपलं न्हाई." एके दुपारी जेवून उठले आणि मॅककडं न जाता ओट्यावर जाऊन बसले. मी हाक मारली नाही. ऐकूही आली नसती.

पुढच्या खंडेनवमीला आईनं हार करून ठेवले. अप्पा पुढं गेले, मेन स्विचसमोर उभे राहिले आणि ताट तसंच घेऊन परत आले. "कुणाची पूजा करू?" एवढंच म्हणाले. त्या वर्षापासून आमच्या छापखान्यात नवमीला सुट्टी नसते. मन्मथ शिकला, नोकरीला लागला, मग समुद्रापलीकडं गेला. तिकडं हेच काम करतो, मोठमोठ्या मशीनींवर लिनक्स बसवायचं. फोनवर अप्पांशी बोलायचा तर अप्पांना ऐकू यायचं नाही, मग मी दोघांच्या मध्ये निरोप्या. अप्पा त्याला कधीच टाकून बोलले नाहीत. बोलले असते तर पोरगा सुटला असता, असं मला वाटतं. तो इकडं येतो तेव्हा पुढच्या खोलीत जात नाही, मागच्या दारानं येतो.

अप्पा गेले तेव्हा मन्मथ पोचेपर्यंत त्यांना समाधी देऊन झाली होती. गणाराधनेची, म्हणजे गेलेल्याच्या नावानं घालायच्या जेवणाची, पत्रिका काढायची होती. पाहुणे जेवायला बसले असताना मी पुढं जाऊन मॅक लावला. डंऽऽ. कुणी विचारलं नाही, उठला का म्हणून. अप्पांनी पुन्हा काढलेली ती मूठभर अक्षरं उघडली. निदान नाव तरी त्यांच्या अक्षरात निघावं. बसवंत टाइप केलं. नावातलं पहिलंच अक्षर त्यांनी काढलेलं नव्हतं. तिथं रिकामी चौकट आली, पुढंही दोन चौकटी, शेवटी एकटा त. मी ते पुसलं आणि सगळ्या गावात जी अक्षरं चालतात त्यांत पत्रिका लावली. मन्मथ दारात येऊन उभा होता, आत आला नाही.

गणाराधनेला वीरभद्रकाका औशाहून आले, काठी टेकत. जेवले, हात धुतले, आणि खिशातून पत्रिका काढून डोळ्यांजवळ धरली. "पोरी, ही कुठून काढलीस?"

"आपल्याच छापखान्यातून, काका."

त्यांनी ती उलटी करून बघितली, पुन्हा सुलटी केली, घडी घालून खिशात ठेवली. म्हणाले, "बसवंतअप्पा असते तर असली जाऊ दिली नसती."